खानापूरच्या ताईंना उत्तर: कॅप्सूलशी माझं भांडण नाही

ताई, "दुकानात बसून गोळ्या विकणाऱ्याला घरात ताट भिरकावलं जातं तेव्हा काय होतं ते काय कळणार?" हे तुमचं वाक्य लागलं. खरंच आहे ते. स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजारातल्या आक्रमकपणावर मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल देण्याला मागच्या लेखात मी थोतांड म्हटलं होतं. तो शब्द मागे घेतो.

पण कॅप्सूलनं आक्रमकपणा कमी होतो याला तुम्ही दाखला दिलात इंग्लंडच्या तुरुंगातल्या प्रयोगाचा. २००२ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग खराच आहे. २३१ तरुण कैदी. काहींना जीवनसत्त्वं, खनिजं आणि मासळीच्या तेलात असतात तशी फॅटी अ‍ॅसिड, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण यातलं काहीच नसलेल्या गोळ्या. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे शिस्तभंग सुमारे २६ टक्क्यांनी कमी भरले. मात्र ते कैदी होते, रुग्ण नव्हेत. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहणाऱ्या १७६ जणांना सहा महिने असंच देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: अंगावर धावून जाण्याच्या घटना दोन्ही गटांत सारख्याच.

माझा राग कशावर, तेही सांगतो. परवा एक आजोबा मुलाची धारवाडची चिठ्ठी घेऊन काउंटरवर आले. बराच वेळ पैसे मोजले आणि म्हणाले, "दोन्ही परवडंना ओ. गोळ्या पंधरा दिवसाच्या द्या, कॅप्सूल म्हैन्याची." शेजारच्या कुणीतरी सांगितलेली कॅप्सूल पुरी, डॉक्टरांची गोळी निम्मी! अशानंच पोरं पुन्हा बिघडतात.

जवसाच्या चटणीचं विचारलंत. भाकरीबरोबर खुशाल खा. जवसातल्या ओमेगा-३ या फॅटी अ‍ॅसिडपैकी अगदी थोडंच शरीरात मासळीतल्यासारखं बनतं, त्यामुळे तिला औषध समजू नका.

हट्टी आक्रमकपणावर आजवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीचा. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणून लोक कचरतात. डिमहान्स या धारवाडच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. जाताना कॅप्सूलची बाटलीही पिशवीत टाका, लपवू नका. बी१२ किंवा डी जीवनसत्त्व कमी निघालं तर ते भरून काढायलाच हवं.

आणि एक सांगा. ताट भिरकावलं त्याच्या आदल्या रात्री तुमच्या घरचा रुग्ण झोपला होता का? गोळी गिळली होती, की मोरीत थुंकली होती?