घर गळत असताना गुलाब छाटणाऱ्या बाईचं उत्तर

नमस्कार 'जुना इंदूरकर' काका,

काका म्हणतेय, कारण नर्मदेचं पाणी इंदुरात येण्याआधीची रामबाग आठवते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे १९७८च्या आधीची. वयाचा मान ठेवूनच भांडते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. टाकी वाहून छत गळतंय, फ्रिज बंद, सिंक तुंबलेलं, सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये, आणि घरची सून आश्विनात गुलाबाच्या फांद्या कापत बसलीय. याला तुम्ही 'रिकामटेकडेपणा' म्हटलंय. दुसरं, नळ एक दिवसाआड येतो त्या गावात झाडांना पाणी घालणं हा माज आहे. तिसरं, स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या शहरात अंगणात खड्डा खणून पाला कुजवणं म्हणजे घाण. आणि एवढं बोलून झाल्यावर शेवटच्या ओळीत, 'माझ्या जास्वंदीच्या कळ्या गळतात, उपाय सांगा.' या शेवटच्या ओळीमुळेच मी उत्तर लिहायला बसले.

सासूबाईंचा विषय आधी संपवते. पडल्या त्या ओट्याच्या ओल्या पायरीवरून, गुलाबांमुळे नाही. त्यांचा उजवा हात शाबूत आहे, आवाज तर त्याहून शाबूत आहे, आणि 'छाटणी राहिली का?' हा प्रश्न दवाखान्यातून येतानाच रिक्षेत त्यांनीच विचारला होता.

आता रिकामटेकडेपणा. काका, घरात काही बिघडलं की आपण नेमकं काय करतो? वाट बघतो. मोटरवाला 'सकाळी येतो' म्हणतो, फ्रिजवाला 'दुपारपर्यंत' म्हणतो, छतावर डांबर लावणारा काहीच म्हणत नाही. घर सोडून बाजारात जाता येत नाही, कारण तेवढ्यात तो येऊन बेल वाजवून जाईल. फाटकावर नजर ठेवून करता येईल असं एकच काम माझ्याकडे होतं, ते अंगणातलं. तुम्ही म्हणता तसं 'घर सोडून बाग' हे झालंच नाही. उलट घर सोडता येत नव्हतं म्हणून बाग झाली.

शिवाय फ्रिज आठ दिवस थांबतो, काळी माती थांबत नाही. माळव्यातला पाऊस परतला की ती आधी खुरप्याला चिकटते, चपलेला चिकटते, ऊन तापलं की भेगा पडून विटेसारखी होते. मधे मोजके दिवस वाफसा असतो, म्हणजे माती धड चिखल नाही, धड वीट नाही. त्यात वाफे मोकळे केले, मेथी-पालक-मुळा पेरला तर ठीक, नाहीतर पुढे कुदळीने ढेकळं फोडत बसा. गुलाबाचंही तसंच. दसऱ्याच्या आसपास छाटला तर साधारण सहा-सात आठवड्यांनी, चांगली थंडी पडल्यावर, भरगच्च फुलतो. मिस्त्रीच्या सवडीने छाटला तर फुलंही मिस्त्रीच्याच सवडीने येतील.

एक गंमत मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. सासूबाई पडल्यापासून आम्ही ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेवायला लागलो. शेवंतीच्या कुंड्या ओट्यालगतच होत्या. शेवंतीला कळ्या धरायला रात्र मोठी व्हावी लागते, आणि ती रात्र सलग अंधाराची हवी. मधे उजेड पडला की तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ती नुसती पानंच वाढवत बसते. रस्त्याच्या दिव्याखालच्या शेवंत्या उशिरा फुलतात त्या याचसाठी. दिवा बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून कुंड्या उचलून मागच्या बाजूला, मोरीच्या भिंतीआड नेल्या. घरातल्या अडचणी आणि बाग वेगवेगळ्या खात्यांत मांडता येत नाहीत, काका. दिवा एकच असतो.

पाण्याचं तर तुम्ही उलटंच धरलंय. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून आणतात, हे इथं पोरासोरांनाही माहीत आहे. त्या पाण्याचा पाइप मी बागेत सोडत नाही. सिंक तुंबलं तेव्हा त्याखाली बादली ठेवावी लागली. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्यात साठायचं आणि संध्याकाळी मेथीच्या वाफ्यात जायचं. साबणाचं वेगळ्या बादलीत, ते मोरीत. सिंक आता दुरुस्त झालंय, पण बादली तिथंच आहे.

खड्ड्याबद्दल मात्र मला खरंच राग आला. इंदुरात बसून कुणी कंपोस्टला घाण म्हणावं? अहो, जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' म्हणून जी शिकवतात, ती इथलीच. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथल्या शेती-संशोधन संस्थेत होते, जिथं आज कृषी महाविद्यालय आहे. आणि १९३१ साली त्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं ते एकट्या साहेबाने नाही. सहलेखक यशवंत वाड. साहेबाचं नाव सगळे घेतात, आपल्या वाडांचं आपणही घेत नाही.

पद्धत साधी आहे. पालापाचोळा आणि काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख, वरून पाण्याचा शिडकावा, पुन्हा थर. साधारण दोन आठवड्यांनी वरखाली करायचं, महिन्याने पुन्हा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत खत तयार. वास येतो तो हवा कोंडली किंवा पाणी जास्त झालं तर. माझ्या खड्ड्यात शेण कमी आणि स्वयंपाकघरातलं जास्त असतं, एवढाच फरक. फ्रिज बंद पडला तेव्हा नासलेल्या भाज्या तिथंच गेल्या, वर जाड पाचोळा टाकला. दूध आणि पनीर मात्र कचऱ्याच्या गाडीत, ओल्याच्या खणात. महापालिकेच्या गाडीशी माझं काही वैर नाही. पण माझ्याच अंगणातली पानं मी गाडीत टाकायची आणि खताची गोणी दुकानातून आणायची, हे मला पटत नाही.

आता तुमची जास्वंद. गळालेली कळी उमलायच्या बाजूने फोडून बघा. आत बारीक किडे किंवा अळी दिसली तर सगळ्या गळालेल्या कळ्या रोज वेचून टाका, आणि निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. आत काही नसेल तर पाण्याचं बघा: कुंडी एक दिवस सुकते आणि दुसऱ्या दिवशी तुंबते असं होत असेल, तर कळ्या गळणारच. कुंडी पश्चिमेच्या उन्हात असेल तर दुपारपुरती आडोशाला घ्या. किडक्या कळ्या कंपोस्टमध्ये टाकू नका. तुम्ही टाकणार नाहीच म्हणा.