साहेबांना 'थांबा' कोण म्हणणार?

हात जोडलेले, आवाज मऊ, भाषणात 'मी तर तुमच्यातलाच एक'. असल्या नम्रतेचा मला मनापासून कंटाळा आहे. स्टेजवर वाकून नमस्कार करणारी आणि मीटिंगमध्ये कुणाला तोंड उघडू न देणारी माणसं ढिगाने पाहिलीत. नेता नम्र आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. त्याच्या हाताखालचा सगळ्यात ज्युनिअर माणूस त्याला 'थांबा, चुकतंय' म्हणू शकतो का? आणि म्हणालाच, तर पुढे त्याचं काय होतं?

विमानवाल्यांनी याची फार मोठी किंमत मोजली आहे. २७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच विमान कंपनीचे कॅप्टन म्हणजे कंपनीच्या जाहिरातीत झळकणारे, इतर वैमानिकांना शिकवणारे गृहस्थ. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्यांनी विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय की! विषय संपला. काही सेकंदांत दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली.

धुकं होतं, रेडिओवर गोंधळ झाला होता, निघायला उशीर झाला होता, हे सगळं खरंच. पण मला तो इंजिनिअर छळतो. त्याची शंका शंभर टक्के बरोबर होती, फक्त ती प्रश्न होऊन बाहेर आली. आपणही वरिष्ठांसमोर असंच बोलतो ना? 'सर, ते जरा एकदा बघून घ्यायचं का?' आणि सर म्हणतात, बघितलंय मी.

यानंतरच्या काळात वैमानिकांना उडवण्याबरोबर ऐकून घ्यायचंही रीतसर प्रशिक्षण मिळू लागलं. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत कॅप्टन अल हेन्स यांच्या डीसी-१० विमानाचं शेपटाकडचं इंजिन हवेत फुटलं, विमानाची दिशा सांभाळणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. विमान वळवायला काही उरलंच नाही. प्रवाशांत कंपनीचेच एक प्रशिक्षक होते, डेनी फिच. त्यांनी मदतीची तयारी दाखवली आणि हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेऊन थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, त्यांच्या हाती दिले. सू सिटीला विमान उतरताना मोडलं, पेटलं, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. अशा वेळी 'इथला कॅप्टन मी आहे' म्हणणं किती सोपं होतं!

माझे एक जुने साहेब होते. वाईट बातमी घेऊन कुणी आलं की आधी त्याला खुर्ची द्यायचे, पाणी मागवायचे, मग म्हणायचे, 'हं, सांगा.' रागवायचे नाहीत असं नाही, चांगले रागवायचे! पण बातमी पूर्ण ऐकून झाल्यावर, आणि सांगणाऱ्यावर नव्हे. त्यामुळे आमच्याकडे भानगडी लहान असतानाच कळायच्या. शेजारच्या विभागात त्या थेट ऑडिटमध्ये निघायच्या.

'फार ऐकून घेतलं तर लोक डोक्यावर बसतात' हा ठरलेला आक्षेप मला पटत नाही. मऊ असणं वेगळं, नम्र असणं वेगळं. नोव्हेंबर १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन सेनापती मॅक्लेलन यांच्या घरी जाऊन त्यांची वाट बघत बसले होते. मॅक्लेलन बाहेरून आले आणि न भेटता सरळ झोपायला गेले. लिंकन यांचे सचिव संतापले. लिंकन म्हणाले, ही मानपानाची वेळ नाही.

बहुतेक साहेब नेमकं उलटं करतात. कामचुकार चालवून घेतात, मान न देणारा मात्र पहिल्या यादीत जातो. लिंकन यांनी वर्षभर वाट पाहिली आणि नोव्हेंबर १८६२ मध्ये मॅक्लेलन यांना पदावरून काढलं. त्या रात्रीच्या अपमानासाठी नव्हे, शत्रूचा पाठलाग करायला ते हलेनात म्हणून.