नंबर जुळला एवढ्यावर इंजिन अस्सल ठरत नाही

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: "इंजिनावरचा नंबर गाडीच्या चॅसी नंबराशी जुळला की इंजिन अस्सल. नाही जुळला तर गाडी प्रदर्शनातल्या स्पर्धेतून बाद. आणि इंजिन जितकं चकचकीत, तितके गुण जास्त." तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातही पहिली धोक्याची, कारण तिच्यावर विसंबून लोक पैसे मोजतात.

शेवरले कॉर्वेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचंच बघा. तिच्या स्मॉल ब्लॉक व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) इंजिनावर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात एक छोटी सपाट पट्टी असते. तिथे इंजिनाच्या जोडणीची तारीख आणि ते कशासाठी बनलं याची अक्षरं पंच केलेली असतात. 1960 पासून गाडीच्या नंबराचा भागही तिथेच येतो. अडचण अशी की ही पट्टी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, वरच्या पृष्ठभागाच्या पातळीतच असते. इंजिन खोलून ब्लॉकचं फेसिंग केलं, म्हणजे तो पृष्ठभाग पुन्हा कापून सपाट केला, की नंबर घासला जातो, आणि मग पंचांचा संच हाताशी असलेला कुणीही त्या जागी हवा तो नंबर ठोकू शकतो. तो जुळणारच, जुळावा म्हणूनच तर ठोकलेला असतो!

म्हणून जाणकार परीक्षक अंकांच्या आधी त्यांच्याखालचा धातू बघतो. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी कटर सरळ रेषेत ओढून, कापत, त्यामुळे इंजिनाच्या लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा उमटत. टॉर्च आडवी धरली की त्या उठून दिसतात. नंतर फेसिंग झालेल्या ब्लॉकवर बहुधा गोल फिरत्या कटरच्या कमानी दिसतात, नाहीतर नुसता गुळगुळीतपणा. आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते. इंजिन फ्लिंट शहरातल्या कारखान्यात जोडलं जायचं आणि गाडी सेंट लुईसच्या. म्हणजे इंजिनाची अक्षरं आणि गाडीचा नंबर दोन वेगळ्या कारखान्यांत, वेगळ्या हातांनी ठोकलेले. दोन्ही ठसे एकाच खोलीचे, एकाच वळणाचे दिसले तर मला तिथेच शंका येते.

मग ब्लॉकच्या मागच्या कडेचा, ब्लॉक ओततानाच उमटलेला ओतीव नंबर बघायचा. "3970010 आहे, म्हणजे कॉर्वेटचंच इंजिन" हेही त्या मजकुरात येतं. हा ब्लॉक कॅमेरोत होता, पिकअप ट्रकमध्येही होता. जास्त उपयोगी पडते ती ओतकामाची तारीख: जानेवारीसाठी ए, फेब्रुवारीसाठी बी, असं डिसेंबरच्या एलपर्यंत, मग दिवस आणि बहुतेकदा वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ओतकाम, मग जोडणी, मग गाडी. हा क्रम उलटा निघाला तर पट्टीवरचा नंबर कितीही सुबक असो, मी तो मानणार नाही.

आता बाद होण्याबद्दल. ते त्या त्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असतं. अमेरिकेतल्या एएसीए या संस्थेच्या 400 गुणांच्या पद्धतीत विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती दिली असती तशी गाडी अपेक्षित असते. तिथे इंजिनाचे आणि गाडीचे नंबर ताडून बघत नाहीत. फक्त कॉर्वेटसाठी असलेल्या एनसीआरएस या संस्थेकडे मात्र पट्टी बारकाईने बघतात. वॉरंटीत बदललेल्या जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर "सीई" असा ठसा असायचा. तो प्रामाणिकपणे तसाच ठेवणाऱ्या मालकाबद्दल मला आदर आहे. खोटा नंबर ठोकून जुळवलेल्या गाडीपेक्षा ती गाडी तिचा इतिहास खरा सांगते.

चकचकीतपणाचं उत्तर सोपं आहे. कारखान्यात जोडलेलं इंजिन रंगवताना नारिंगी फवारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांवरही, उडायचा आणि इंजिन तापलं की जळायचा. त्या मॅनिफोल्डला आज कुणी आरशासारखं पॉलिश केलं, तर एएसीएत त्याचे जादा गुण मिळत नाहीत, आणि जिथे कारखान्यातलं रूप हाच निकष आहे तिथे उलट कापले जातात.