पॅनेल गेलंय, सर

संध्याकाळी साडेसातला आमच्या टीव्हीतली सगळी माणसं अंधारात गेली. गेली म्हणजे होती तिथेच, भांडतही होती, पण दिसेनात. आईला आधी वाटलं, मालिकेतच लाइट गेलेत. मग जाहिराती लागल्या आणि साबणाची बाईही काळोखातच आंघोळ करू लागली, तेव्हा तिने मला हाक मारली.

घरातल्या कर्त्या पुरुषाने जे करायचं ते मी केलं. रिमोट तळहातावर आपटला, त्यातले सेल गोल फिरवले, प्लग काढून दहा आकडे मोजले आणि परत लावला. आवाज खणखणीत, चित्र शून्य. आमची ही म्हणाली, "रेडिओ समजा." आई म्हणाली, "रेडिओवर पार्श्वसंगीत एवढं वाजत नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले. तीन दाबलं, तर हिंदी बोलणारा मुलगा आला. त्याला टीव्हीचा सीरियल नंबर हवा होता. तो नंबर टीव्हीच्या पाठीवर आणि पाठ भिंतीला टेकलेली. मोबाइल फटीत सरकवून फोटो काढला, तर त्यात पाल आली. दुसऱ्या फोटोत पालीच्या शेपटीखाली नंबर दिसला. मग बिल मागितलं. बिल होतं! अक्षरं उडू नयेत म्हणून मी ते चार वर्षांपूर्वीच लॅमिनेट करून घेतलं होतं. थर्मल कागदाला उष्णता लागली की तो काळा पडतो, हे लॅमिनेशनवाल्याला ठाऊक होतं. पण त्याने ते कागद मशीनमधून बाहेर आल्यावर सांगितलं. म्हणजे आता टीव्ही काळा आणि त्याचं बिलही काळं. दोघांनाही प्लॅस्टिकचं आवरण तेवढं उत्तम.

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. इस्त्रीचा टी-शर्ट, पाठीला सॅक. ती सॅक त्याने शेवटपर्यंत उघडली नाही. टीव्ही चालू केला, काळ्या पडद्याचा फोटो काढला, कुठेतरी पाठवला, अर्धा मिनिट वाट पाहिली आणि वैद्यबुवा नाडीवरचं बोट काढतात तसा मोबाइल खिशात घालून म्हणाला, "पॅनेल गेलंय, सर."

"उघडून बघायचं नाही का?"

"सर, बघून काय करणार? सिस्टीममध्ये सुटा पार्टच नाही. डायरेक्ट पॅनेल असेंब्ली येते, म्हणजे अख्खा पडदाच." पॅनेलचे सतरा हजार चारशे, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण वीस हजार पाचशे बत्तीस. शिवाय आत्ता येऊन गेल्याचे पाचशे नव्वद. आणि मग आवाज खाली आणून, "एवढ्यात थोडे घातले की नवीन येतो, सर. एक्स्चेंजमध्ये मी हाही घेऊन जातो." गेलेल्या माणसाच्या कपड्यांची चौकशी करावी, तशी त्याने आमच्या टीव्हीकडे नजर टाकली.

पाचशे नव्वद गेल्याचं दुःख मला झोपू देईना, म्हणून रात्री मोबाइलवर वाचत बसलो. दुरुस्तीचा हक्क नावाचा प्रकार आहे म्हणे. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने त्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे ग्राहक दिनी, पोर्टलही काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या आणि घरातली उपकरणं असे चार विभाग. सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती कशी, हे कंपन्यांनी तिथे सांगावं, अशी कल्पना. सांगावं हं, सांगितलंच पाहिजे असं अजून नाही. फ्रान्समध्ये तर २०२१ च्या जानेवारीपासून टीव्ही, वॉशिंग मशीन, मोबाइल, लॅपटॉप आणि गवत कापायचं यंत्र यांवर गुण छापायला लागले. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, दहापैकी किती. ही कल्पना मला फार आवडली. मी पडल्या पडल्या नातेवाइकांना गुण देऊन टाकले. धाकट्या मेहुण्याला साडेआठ, थोरल्याला दोन. आमच्या सोसायटीच्या चेअरमनचे तर सुटे भागच मिळत नाहीत. आपल्याकडेही असे गुण कसे द्यावेत याचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारला सादर झाला, हे वाचलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते आणि ही म्हणाली, "हक्क उद्या वाचा. दिवा घालवा."

सकाळी बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. तिथे वायरींची भेंडोळी, बल्ब, स्विच, पंख्याचे कपॅसिटर यांतून माणसाने आडवं होऊन चालायचं असतं. एका अरुंद जिन्यावर दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर पोटं उघडी पडलेले सात-आठ टीव्ही, सोल्डरिंगचा तो ओळखीचा राळेचा वास. लहानपणी आमच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून त्याचं सर्किट छापून चिकटवलेलं होतं. उघडणारा कुणी येईल, हे रेडिओ करणाऱ्यानेच धरलं होतं. वडील ते कळत नसतानाही भक्तिभावाने बघायचे आणि धूळ पुसून परत झाकायचे.

"आवाज येतो?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"येतो."

"मग जीव आहे. पॅनेल गेलं कोण म्हणालं?"

"कंपनीचा मुलगा."

"उघडलं होतं?"

"फोटो काढला."

"बरं. एक्स-रे काढला म्हणा."

संध्याकाळी काका घरी आले. टीव्ही चालू करायला सांगितला, खोलीतला दिवा घालवला आणि खिशातली टॉर्च तिरकी धरून पडद्यावर मारली. आणि काय सांगू, टॉर्चच्या गोल उजेडात आईच्या मालिकेतली सासू उभी! फिकट, पण सगळ्या दागिन्यांसकट. उजेड डावीकडे नेला, तर तिथे सून रडत होती. चित्र जागेवरच होतं, त्याच्या मागचा दिवा तेवढा गेला होता. "गणपतीतली जुनी माळ आठवते का, साहेब?" काका म्हणाले. "एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. तसंच. आत एलईडीच्या पट्ट्या आहेत, त्यांतला एखादा दिवा उडाला असणार." नव्या पट्ट्या मिळायला तीन दिवस लागणार होते. खर्च बावीसशे. मी त्यांचे पाय धरणार होतो, पण ते स्टुलावर चढले होते.

ते तीन दिवस आमच्या घरात जे चाललं ते कुठल्याही वाहिनीने दाखवलेलं नाही. आईने टॉर्च ताब्यात घेतली. साडेसात वाजले की दिवे बंद करायची, खुर्ची पुढे ओढायची आणि बोलणाऱ्यावर उजेड टाकायची. पहिल्या दिवशी तिची तारांबळ उडाली, बोलायची एक आणि दिसायची दुसरी. दुसऱ्या दिवशी हात बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती खलनायिकेवर उजेड टाकतच नाही. ती बया अंधारात कारस्थानं करत होती आणि टॉर्च देवघरापाशी मुसमुसणाऱ्या सुनेवर. शेजारच्या काकू हा प्रकार बघायला म्हणून आल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची टॉर्च घेऊन आल्या. त्यांना नायकही बघायचा होता.

चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया. टीव्ही गादीवर पालथा. मागे एका स्क्रूवर स्टिकर: हे काढल्यास वॉरंटी रद्द. वॉरंटी संपून तीन वर्षं झाली होती, तरी माझ्या पोटात गोळा आला. काकांनी तो अंगठ्याच्या नखाने फाडला. (अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं धाडून बजावलं होतं, की बाहेरून दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारण्याची भीती घालू नका. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पेचकस द्या.") पडद्याची काच पापडाएवढी पातळ. ती रबरी वाट्या चिकटवून दोघांनी उचलायची. दुसरा मी. आयुष्यात मी एवढा वेळ श्वास फक्त मुलीच्या निकालाला रोखला होता. काचेखाली लग्नाच्या अल्बमात असतात तसे पांढरे पातळ कागद, आणि त्याखाली तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आठ दिवे, दिव्यावर साबुदाण्याच्या पापडीसारखं भिंग. काकांनी टेस्टरच्या सुया एकेका दिव्याला लावल्या. पेटला, पेटला, पेटला. मधल्या पट्टीवरचा पाचवा पेटेना. भिंग काढलं, तर खाली जळलेल्या तिळाएवढा डाग.

वीस हजार पाचशे बत्तीस रुपये त्या तिळाचे होते.

काकांनी तिन्ही पट्ट्या बदलल्या. एकच बदलली तर मध्येच पांढरा पट्टा दिसतो म्हणाले. जाताना सेटिंगमध्ये शिरून बॅकलाइट शंभरावरून साठावर आणला. दुकानात झगमग दिसावं म्हणून तो शंभरावर ठेवतात, लोक तसाच घरी चालवतात आणि दिवे लवकर जळतात. जुन्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. तुमच्या आहेत, म्हणाले. चहा घेतला, बावीसशे घेतले आणि उतरले.

साडेसातला मालिका लागली. लख्ख. सासू, सून, देवघर, मागची खोटी झाडं, सगळं एकदम. आई टॉर्च मांडीवर घेऊन बसली होती. थोडा वेळ बघितल्यावर तिने तोंड वाकडं केलं.

"झालं," ती म्हणाली. "आता त्या मेलीचंही तोंड बघावं लागणार."