पिवळी खूण

जंगलाच्या तोंडाशी असलेल्या फलकावर पिवळ्या वाटेच्या नावापुढे 'सोपी' असे लिहिले होते आणि त्याखाली 'अंतर 4 किलोमीटर, वेळ 1 तास 20 मिनिटे' असा मजकूर होता. 'चढ 300 मीटर' हे शब्द मात्र इतक्या बारीक अक्षरांत होते की, विम्याच्या अटी लिहिणाऱ्याच हाताने ते लिहिले असावेत. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो फलक अथपासून इतिपर्यंत वाचला, खुणांचे नियमसुद्धा. मी 'सोपी' या शब्दाशी थांबलो. सगळे फलक वाचत बसणारा माणूस जंगलात कधी शिरणार, असे माझे तेव्हा प्रामाणिक मत होते.

हा 1 तास 20 मिनिटांचा हिशेब कोठून येतो, हे मला नंतर समजले. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ढोबळ नियम सांगितला: सपाटीवर तासाला सुमारे 5 किलोमीटर आणि चढाच्या दर सुमारे 600 मीटरला एक तास जादा. म्हणजे आमच्या 4 किलोमीटरची 48 मिनिटे, चढाचा अर्धा तास, एकूण 78 मिनिटे. वरची दोन मिनिटे फलक लिहिणाऱ्याने स्वतःच्या खिशातून घातली असावीत. या नियमात धाप लागणे, पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी असणे आणि 'आपण बरोबर चाललो आहोत ना' या विषयावरील दांपत्यसंवाद यांची तरतूद नाही. आम्हाला चार तास लागले.

ती वरची दोन मिनिटे मी पहिल्याच झाडाशी खर्च केली. माझ्या बुटाची नाडी सुटली होती, म्हणून मी त्या झाडाला पाठ टेकून एक पाय वर घेतला. झाडावर पिवळ्या रंगाचे दोन पट्टे होते, एकाखाली एक, आणि रंगाचा ताजा वास येत होता. इतरत्र एकेक पट्टा असताना इथे दोन दिलेले पाहून वनखात्याच्या औदार्याचे मला कौतुक वाटले. मागून पाचसहा जणांचा एक गट येत होता. त्यांना वाट द्यावी म्हणून मी झाडाला आणखी चिकटून उभा राहिलो, पण ते सभ्यपणे थांबले. मग आम्ही सरळ निघालो.

जंगलात रंगाच्या खुणा करून लोकांना पायी हिंडवण्याचा उद्योग 1842 मध्ये फ्रान्समधील फोंतेनब्लोच्या जंगलात क्लोद-फ्रांस्वा देनकूर या गृहस्थांनी आरंभला. नेपोलियनच्या सैन्यात राहिलेला हा माणूस. लोकांना चालवत ठेवण्याची सवय त्याला तिथेच जडली असावी. त्याच्या खुणा निळ्या होत्या, आणि हा निर्णय किती दूरदर्शी होता हे मला अर्ध्या तासात पटले. कारण झाडांच्या सालीवर आणि खडकांवर पिवळे दगडफूल वाढते. रंगाची खूण म्हणून मी त्या दिवशी निदान सात दगडफुलांच्या मागे गेलो, आणि प्रत्येक वेळी 'ही बघा खूण' असे मोठ्याने म्हणालो. एका झाडावर खरोखरचा पत्र्याचा बाण होता. परंतु झाडाचे खोड दरवर्षी जाड होत जाते आणि ठोकलेली पाटी साल हळूहळू गिळून टाकते, त्यामुळे बाणाचे टोक झाडाच्या पोटात गेले होते आणि बाहेर नुसते शेपूट उरले होते.

पुढे उतारावर एक सरळसोट वाट लागली. नागमोडी वाटा आखणाऱ्यांना मीटरवर मजुरी मिळत असावी, असा माझा जुना संशय असल्यामुळे ही सरळ वाट मला फार आवडली. सौभाग्यवती मात्र थबकल्या.

"अहो, ही वाट नाही, हा ओहोळ आहे."

डोंगराच्या उतारावर सरळ खाली जाणारी वाट कोणी शहाणा माणूस आखत नाही, कारण पावसाचे पाणी तीच वाट धरते आणि दोनचार पावसाळ्यांत तिची घळ करते. म्हणून वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक ठेवत नाहीत. हे सारे त्यांनी मला घळीत उभे राहून समजावले. मी गुडघाभर पाचोळ्यात होतो. मागच्या गटातील मंडळीही घळीत उतरून आदराने ऐकत होती.

हा गट आमचा पिच्छा सोडेना. आम्ही थांबलो की ते थांबत, वळलो की जरा कुजबुजून वळत. आभाळ भरून आले होते. ढगाळ दिवशी जंगलात सरळ चालण्याचा प्रयत्न करणारी माणसे स्वतःच्या नकळत गोल फिरतात, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात दिसून आले आहे. सूर्य दिसत असला की तीच दिशा माणसाला साधते. आम्ही या प्रयोगाला पाठिंबा देत तो शेपटीचा बाण तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा गटातील एक वयस्कर गृहस्थ पुढे आले.

"माफ करा, पण एक विचारू का? आमचं ठरलं होतं, पिवळी खूण सोडायची नाही. आम्ही आलो तेव्हा झाडावरची काही दिसली नाही, तुमच्या पाठीवरची दिसली. पण ती खूण सारखी उजवीकडे वळा म्हणते आणि तुम्ही वाटेल तिकडे वळता."

सौभाग्यवतींनी मला खांद्याला धरून फिरवले. माझ्या सदऱ्यावर एकाखाली एक असे दोन पिवळे पट्टे होते, वरचा जरा उजवीकडे सरकलेला.

"दोन पट्टे म्हणजे वळण, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला असतो त्या बाजूला," त्या म्हणाल्या. "फलकावर लिहिलं होतं."

"मग आपण उजवीकडे वळायला हवं होतं," मी म्हणालो.

"छाप उलटी उमटते. डावीकडे."

त्यानंतर सौभाग्यवती सर्वांच्या पुढे झाल्या, त्यांच्या मागे तो गट निघाला, आणि पाठ कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मला रांगेत शेवटची जागा देण्यात आली.