उत्तर : "पेटीतले 5 आंबे आतून पांढरे निघाले"

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. 2 डझनांच्या पेटीत 5 हापूस आतून पांढरे, स्पंजासारखे निघाले, 3 फ्रिजमध्ये ठेवूनही आंबटच राहिले, म्हणजे माल जुना आणि कार्बाइड या रसायनाने पिकवलेला, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्या 5 आंब्यांचं बोलतो, कारण तिथे चूक आमची आहे.

याला आमच्याकडे साका म्हणतात. वरून आंबा केशरी, वासाला घमघमीत, आणि कापला की बाठ्याभोवती, म्हणजे कोयीभोवती, पांढरट, आंबूस, कापसासारखा गर. बाहेरून तो कळत नाही. जन्मभर आंबा हाताळलेल्या माझ्या वडिलांनाही कळत नाही. पण साका शिळेपणाने होत नाही, तो झाडावरच धरतो. आमची निम्मी बाग देवगडच्या कातळावर आहे. एप्रिल-मेमध्ये कातळ तापला की खालून धग मारतो आणि खालच्या फांद्यांवरची फळं ती सोसतात. त्यात फळ झाडावर जास्त दिवस राहिलं तर आतला बाठा रुजायच्या तयारीला लागतो आणि भोवतीच्या गरातलं पाणी ओढतो. म्हणून हापूस चौदा आणे तयार झाला, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडा बाकी असला, की उतरवायचा. 'झाडावर पिकलेला तो खरा' हे हापूसच्या बाबतीत खोटं आहे, शहरातले किती जण तसाच मागतात ते सोडा.

यंदा मेमध्ये ऐन तोडीला गडी मिळाले नाहीत. तुमच्या पेटीतला आंबा पाच दिवस उशिरा उतरला. झाडाखाली पेंढ्याचं आच्छादन असतं तर धग कमी लागली असती. ते वरच्या बागेत घातलं, कातळावर राहून गेलं.

कार्बाइडचं मात्र मान्य नाही. त्यावर बंदी आहे आणि आमच्याकडे ते कधी आलेलंच नाही. आंबा आढीत, म्हणजे पेंढ्यात रचून ठेवून, पिकतो. तुमच्याच फोटोत पहा, पेटी उघडली तेव्हा निम्मे आंबे हिरवे होते, निम्म्यांवर नुकती पिवळी झाक होती. आढीतला आंबा असा मागे-पुढे पिकतो. कार्बाइडचा सगळा एकसारखा पिवळा होतो आणि आतून कच्चा राहतो.

आता ते 3 आंबट. पेटी आली त्याच दिवशी सगळे फ्रिजमध्ये ठेवले असं तुम्हीच लिहिलंय. कच्च्या हापूसला साधारण 13 अंशांखालची थंडी बाधते आणि घरचा फ्रिज 4-5 अंशांवर असतो. तिथे पिकणं थांबतं, सालीवर काळपट डाग येतात, आणि नंतर बाहेर काढला तरी तो धड पिकत नाही, गोडी येत नाही. आधी हवेशीर जागी पेंढ्यावर किंवा कागदावर, देठ खाली करून पसरायचे. बोटाला किंचित मऊ लागले आणि वास सुटला की मग दोन-तीन दिवसांसाठी फ्रिज चालतो. हे सांगणारी चिठ्ठी आम्ही घालतो, पण पेटीच्या तळाशी, म्हणजे आंबे संपल्यावर सापडेल अशी. तो शहाणपणा आमचाच.

साका नको असेल तर 'रत्ना' आहे, नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने 1981 मध्ये काढलेली जात. तिच्यात साका होत नाही. आमच्याकडे दहा-बारा कलमं आहेत, फळ मोठं आणि गोड. पण पेटीवर 'हापूस' लिहिलेलं नसलं की गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून ती आम्ही घरीच खातो.

5 साक्याच्या आंब्यांचे पैसे आज सकाळी परत पाठवले आहेत. फ्रिजमधल्या 3 आंब्यांचे निम्मे पाठवले, निम्मी चूक त्या चिठ्ठीची म्हणून. चिठ्ठी आता वरच्या थरावर असते.