दान्तेला हसण्याआधी

आज संध्याकाळी वाचनगटात इटलीचा जुना कवी दान्ते आणि त्याने दुरूनच जिच्यावर प्रेम केलं ती बिआत्रिचे यांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "आज असता तर बिआत्रिचेच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली असती." सगळे हसले. मी उठून आले. अजून डोकं तापलेलंच आहे.

तिच्यावरचं त्याचं पुस्तक 'व्हिता नुओव्हा' वाचलंय का कुणी? नऊ वर्षांचा असताना तिला पाहिलं, पुढे नऊ वर्षांनी फ्लॉरेन्सच्या रस्त्यात तिने त्याला नमस्कार केला. एवढीच कमाई. मग त्याच्याविषयी काहीबाही कानावर गेलं आणि तिने तोही बंद केला. हा मागे लागला का? घरी गेला, मार खाल्लेल्या पोरासारखा रडत झोपला. नंतर ठरवलं, आता आपलं सुख तिच्या स्तुतीच्या शब्दांत. 1290 च्या जूनमध्ये ती ऐन विशीत गेली. दुसऱ्याची बायको होती. रडायचा हक्क याला कोणी दिला?

कॉलेजात असताना मिरज-सांगली एसटीत एक मुलगा दिसायचा. मान हलवून हसायचा, बस्स. त्याचं नाव मला कॉलेजच्या फळ्यावर कळलं, भावपूर्ण श्रद्धांजलीच्या खाली. आई म्हणाली, "तुझा कोण होता तो?" काय सांगणार?

दान्तेच्या एका सॉनेटात रोमला निघालेले यात्रेकरू फ्लॉरेन्समधून चाललेत, आपल्याच विचारांत. तो त्यांना म्हणतो, थांबून ऐकलंत तर रडत बाहेर पडाल, या शहराने आपली बिआत्रिचे गमावलीय. त्या दिवशी एसटीत कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता आणि मला अख्ख्या गाडीला ओरडून सांगायचं होतं. सांगितलं नाही. कोण लागत होता माझा?

हो, बिआत्रिचे त्या पुस्तकात जवळपास बोलतच नाही. बायकोचं, गेम्माचं, नाव त्याने कुठेही घेतलं नाही, ते मलाही खुपतं. मान्य.

पण तिला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तो देवदूताचं चित्र काढत बसला होता. प्रतिष्ठित माणसं शेजारी येऊन उभी राहिली तरी कळलं नाही. मग म्हणाला, आत्ता माझ्याजवळ दुसरं कुणी होतं. हे लिहिताना माझा राग उतरतोय. आईला तेव्हा हेच सांगायला हवं होतं, पण हे वाचलं फार उशिरा.

यात्रेकरूंचं ते सॉनेट चौदाच ओळींचं आहे. पुढच्या बैठकीत मी ते मोठ्याने वाचणार आहे. मग हसायचं तर हसा.